नोकरी, संसार आणि हसू : मराठी विनोदी चित्रपटातील एका झगड्याचा इतिहास

मराठी विनोदी चित्रपटाचा इतिहास बहुधा माणसांच्या नावांनी सांगितला जातो. आधी मास्टर विनायक आणि आचार्य अत्रे, मग राजा परांजपे आणि ग. दि. माडगूळकर, त्यानंतर दादा कोंडके, पुढे अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे, सचिन व महेश कोठारे, आणि अलीकडच्या काळात केदार शिंदे, परेश मोकाशी. ही मांडणी सोयीची आहे. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत तर ती फारच सोयीची आहे. परंतु तिच्यातून एक साधा प्रश्न निसटून जातो. या सगळ्या चित्रपटांतील माणसे पोटासाठी नेमके काय करतात? आणि ती ते करीत असताना त्यांचे घर कोण चालवते?

प्रस्तुत लेखात आम्ही हाच धागा धरून मागे जाणार आहोत. आमचे म्हणणे थोडक्यात असे की काम आणि कुटुंब यांचा झगडा मराठी बोलपटातील विनोदाला अगदी आरंभापासून ठाऊक आहे. मात्र त्या झगड्यातील घराची बाजू फार काळ ‘काम’ म्हणून मोजलीच गेली नाही. पुरुषाची नोकरी, तिच्यातली लाचारी, तिच्यापायी घ्यावी लागणारी सोंगे ही हास्याची सामग्री ठरली. घरातले श्रम मात्र पडद्यामागच्या नेपथ्यासारखे राहिले. असते म्हणून नाटक उभे राहते, पण त्याकडे कोणी पाहत नाही. हे श्रम विनोदाच्या मध्यभागी यायला जवळपास नव्वद वर्षे लागली.

शब्दांची साक्ष

आम्ही मराठीचे अध्यापक असल्यामुळे आधी शब्दांकडे वळणे स्वाभाविक आहे. ‘संसार’ हा मराठीतला मोठा पोटाळू शब्द आहे. मिळवणे, रांधणे, मुले वाढवणे, पै-पाहुण्याचे करणे, देणी फेडणे हे सारे त्या एका शब्दात मावते. ‘प्रपंच’ हा शब्दही तसाच. या शब्दांच्या पोटात काम वेगळे आणि कुटुंब वेगळे असा भेद नाही. तो भेद ठळक झाला तो ‘नोकरी’मुळे. नोकरीला ठरलेली वेळ असते, वर साहेब असतो, महिन्याच्या शेवटी पगार असतो आणि मुख्य म्हणजे ती घराबाहेर असते. मिळकतीचे काम असे घराबाहेर गेल्यावर घरात जे उरले त्याला ‘घरकाम’ असे जोडनाव मिळाले. ‘घर’ हा शब्द मागे लागल्याशिवाय त्याला काम म्हणता येईना. ‘कामाचा माणूस’ ही आपण प्रशंसा समजतो. ‘कामवाली’ हे मात्र दुसऱ्याच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईचे नाव आहे.

१९८४ साली रंजना आणि अशोक सराफ यांचा ‘बिनकामाचा नवरा’ हा चित्रपट आला. शीर्षक ऐकताच हसू येते, कारण ‘बिनकामाचा’ हे विशेषण ‘नवरा’ या नामाला विसंगत वाटते. ‘बिनकामाची बायको’ असे शीर्षक कोणाला सुचले नाही. बायको बिनकामाची असणे शक्यच नव्हते आणि तिचे काम काम म्हणून मोजणेही शक्य नव्हते. या दुहेरी अशक्यतेत आपल्या विनोदाचे बरेचसे व्याकरण दडलेले आहे.

जिजाईचा जाब

या झगड्याचा मराठी पडद्यावरचा पहिला प्रभावी आविष्कार विनोदी चित्रपटात झालेला नाही. तो एका संतपटात झाला. प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६ चा. दामले-फत्तेलाल यांचे दिग्दर्शन, तुकारामांच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस, जिजाईच्या भूमिकेत गौरी. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला आणि त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले. आम्हांला येथे त्यातली जिजाई हवी आहे.

आपल्या परंपरेत काम विरुद्ध कुटुंब हा झगडा ‘परमार्थ विरुद्ध प्रपंच’ या रूपात आधीपासून होता. भारुडांनी त्याचा विनोदासाठी मनसोक्त उपयोग केला. चित्रपटात तुकारामांचे ‘काम’ म्हणजे भक्ती. त्या कामाला पगार नाही, वेळ नाही आणि सुट्टीही नाही. घरात धान्य नाही, मूल आजारी आहे, म्हशीची काळजी घ्यायची आहे आणि नवरा विठ्ठलाच्या नादात आहे. अशा वेळी जिजाई चिडते, बडबडते, थेट देवालाच जाब विचारायला निघते. प्रेक्षक तिला हसतात. पण हे हसणे तिच्या विरोधात जात नाही. तिचे म्हणणे खरे आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असते. शेवटी तुकाराम वैकुंठाला जातात आणि जिजाई मागे राहते, कारण घर वैकुंठाला नेता येत नाही.

त्याच १९३६ साली चार्ली चॅप्लिनचा ‘मॉडर्न टाइम्स’ प्रदर्शित झाला, हा योगायोग अभ्यासकाने लक्षात ठेवण्यासारखा आहे. तेथे कारखान्यात नट आवळता आवळता कामगाराचे शरीरच यंत्र होते आणि घर हे त्याचे स्वप्न बनते. आमच्याकडे यंत्र नाही, कारखाना नाही. रिकामी कणगी आहे आणि तिच्याकडे न पाहणारा थोर नवरा आहे. चॅप्लिनचा विनोद कामाच्या जागेवर घडतो, आपला चुलीपाशी. मराठी चित्रपटाने पुढे जाऊन कामाची जागा दाखवली ती क्वचितच, याचे बीज येथे असावे असे आम्हांला वाटते. आणखी एक गोष्ट : जिजाईला जो आवाज १९३६ मध्ये मिळाला, तो पुढील विनोदी चित्रपटांतील बायकांना टिकवता आला नाही. तिच्यातला कजागपणा उरला. जाब विचारण्याचा अधिकार गेला.

कारकुनाचे युग

विनायक-अत्रे यांच्या विनोदी चित्रपटांत शहरी मध्यमवर्ग आला आणि त्याच्याबरोबर कचेरी आली. ‘ब्रह्मचारी’ (१९३८) मध्ये तरुण नायक एका उदात्त कार्यासाठी संसाराचाच त्याग करण्याची शपथ घेतो आणि ती शपथ मीनाक्षीच्या आगमनाने डळमळते. येथे परमार्थाची जागा समाजकार्याने घेतली आहे. झगडा तोच आहे, फक्त देव बदलला आहे. तुकारामांच्या थोरवीबद्दल चित्रपटाला शंका नव्हती. अत्र्यांना मात्र या नव्या थोरवीबद्दल दाट शंका होती आणि त्यातून त्यांचा उपरोध निर्माण झाला.

पुढच्याच वर्षी आलेल्या ‘ब्रँडीची बाटली’त दामुअण्णा मालवणकरांनी बगाराम हा म्युनिसिपालिटीतला भित्रा कारकून अजरामर केला. प्रेयसीच्या आजारी भावासाठी ब्रँडी हवी आणि ब्रँडी म्हणजे काय हेच या पापभिरू माणसाला ठाऊक नाही. येथे नोकरीने घडवलेला स्वभाव विनोदाचा विषय झाला आहे. साहेबापुढे मान खाली घालायची सवय लागलेला माणूस कचेरीबाहेरच्या जगातही मान वर करू शकत नाही. बगारामची कचेरी त्याच्या पाठीच्या कण्यात शिरली आहे.

चिं. वि. जोशी यांचा चिमणराव याच काळात पडद्यावर आला : ‘लग्न पहावं करून’ (१९४०) आणि ‘सरकारी पाहुणे’ (१९४२). दोन्हींचे दिग्दर्शन विनायकांचे. दामुअण्णा चिमणराव, विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. चिमणरावाचे वैशिष्ट्य असे की तो नोकरदार असूनही त्याचे सारे पराक्रम कुटुंबाच्या वतीने घडतात. बहिणीचे लग्न, नातेवाईक, पाहुणे, मुलांची आजारपणे ही त्याची खरी रणांगणे. नोकरी ही त्याच्या आयुष्यातली स्थिर गोष्ट, संसार ही अस्थिर. मूळ कथांत त्याची पत्नी काऊ सतत वावरते, पण तिच्या दिवसाचा हिशेब कोठेही येत नाही. चिमणरावाच्या फजितीने घरात जो पसारा होतो तो पुढच्या कथेपर्यंत कोणीतरी आवरलेला असतो. विनोदी मालिकेला हा अदृश्य आवरणारा हात लागतोच. नाहीतर दुसरी फजिती पहिलीच्या ढिगाऱ्यावरच घडवावी लागेल.

शिकलेल्या आणि घराबाहेर पडणाऱ्या स्त्रीकडे या काळातील विनोदाने फारसे प्रेमाने पाहिले नाही. ‘अर्धांगी’ (१९४०) सारख्या चित्रपटात आधुनिक वळणाची स्त्री चेष्टेची धनी होते आणि घर सांभाळणारी पत्नी अखेर श्रेष्ठ ठरते. स्त्रीशिक्षणाचा पुरस्कार करणाऱ्या सुधारक मंडळींच्या काळातच हा विनोद लोकप्रिय होत होता, हा विरोधाभास आहे. मत बदलते तेव्हा हसण्याची सवय लगेच बदलत नाही.

एक लाख रुपये आणि एक खोली

स्वातंत्र्यानंतर झगड्याचे रूप पालटले. आता नोकरी असणे-नसणे हाच प्रश्न झाला. राजा परांजपे यांच्या ‘लाखाची गोष्ट’ (१९५२) मधील कफल्लक कलावंत मित्रांना लग्न करायचे आहे, पण मिळकत नाही. मुलीचा बाप एक लाख रुपये हातात देऊन ते ठरलेल्या मुदतीत खर्च करून दाखवण्याचे आव्हान देतो. कथानकाची गंमत या उलट्या अटीत आहे. पैसे मिळवून दाखव असे म्हणणारा बाप आपल्या परिचयाचा आहे. पैसे संपवून दाखव म्हणणारा नाही. पण अटीच्या तळाशी असलेली धारणा जुनीच आहे. घर बांधण्याची पात्रता पुरुषाच्या पैशांवरून ठरते, आणि कला हे काम नव्हे.

पुढे मुंबईने आणखी एक अडचण दिली. नोकरी मिळाली, पण जागा मिळेना. राजा ठाकूर यांच्या ‘मुंबईचा जावई’ (१९७०) मध्ये खेड्यातून लग्न होऊन आलेली मुलगी मुंबईतल्या इवल्याशा जागेत भरलेल्या एकत्र कुटुंबात येते. नवरा-बायकोला बोलायलाही कोपरा नाही. बासू चटर्जी यांनी १९७२ साली ‘पिया का घर’ या नावाने त्याचे हिंदी रूप केले. नोकरी माणसाला शहरात आणते आणि त्या शहरात संसाराला जागा देत नाही, हा या चित्रपटांचा मुद्दा. या विनोदात कटुता नाही, पण त्यामागचे दुःख खरे आहे.

याच सुमारास ग्रामीण मराठी प्रेक्षकाला त्याचा स्वतःचा नायक मिळाला. ‘सोंगाड्या’ (१९७१) मधील दादा कोंडके यांचा नाम्या तमाशाच्या नादी लागतो आणि आई त्याला घराबाहेर काढते. वसंत सबनीसांची कथा, गोविंद कुलकर्णींचे दिग्दर्शन, आईच्या भूमिकेत रत्नमाला, कलावतीच्या भूमिकेत उषा चव्हाण. कोंडके यांच्या द्व्यर्थी संवादांवर इतकी चर्चा झाली की या चित्रपटाच्या गाभ्यात काम आणि घर यांचा झगडा आहे हे विसरले गेले. तमाशा हे काम आहे की बदफैली, हा येथला प्रश्न. आईच्या लेखी ती बदफैली. नाम्याच्या लेखी आपल्याला येणारी एकमेव विद्या. ‘लाखाची गोष्ट’मधील शहरी कलावंतांची अडचण होती की कलेला पैसे मिळत नाहीत. नाम्याची अडचण आहे की कलेला अब्रू मिळत नाही.

या प्रश्नाचे उत्तरार्धातले रूप पाहायचे असेल तर ‘एक होता विदूषक’ (१९९२) पाहावा. जब्बार पटेल यांचे दिग्दर्शन, पु. ल. देशपांडे यांचे लेखन, ना. धों. महानोर यांची गीते आणि मध्यवर्ती भूमिकेत लक्ष्मीकांत बेर्डे. तमाशातला सोंगाड्या चित्रपटांचा नट होतो, सत्तेच्या दारापर्यंत पोचतो, साऱ्या महाराष्ट्राला हसवतो आणि स्वतःच्या लेकीला हसवू शकत नाही. हा विनोदी चित्रपट नव्हे. विनोदाचा धंदा करणाऱ्याने घरात काय गमावले याचा हा हिशेब आहे. लक्ष्मीकांत बेर्डे यांना ही भूमिका मिळावी यात एक औचित्य होते, कारण त्याआधीच्या काही वर्षांत मराठी प्रेक्षकाने त्यांच्याकडून हास्याखेरीज दुसरे काही मागितलेच नव्हते.

साडी नेसलेले पुरुष

१९८० च्या दशकातील मराठी विनोदी चित्रपट मुख्यतः पुरुष मित्रांचा आहे. नोकरीच्या शोधातले, भाड्याच्या खोलीतले, लग्नाला उतावीळ पण संसाराला नवखे असे हे तरुण. त्यांतील सर्वाधिक स्मरणात राहिलेला चित्रपट म्हणजे सचिन दिग्दर्शित ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८). हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘बीवी और मकान’ (१९६६) वरून तो घेतलेला आहे हे सर्वश्रुत आहे. बिऱ्हाड हवे, पण ते फक्त विवाहितांना मिळते. म्हणून दोन मित्र साडी नेसून ‘सुधा’ आणि ‘पार्वती’ होतात. पुढे तर पार्वतीच्या डोहाळजेवणापर्यंत मजल जाते.

या चित्रपटात एक गोष्ट आमचे विशेष लक्ष वेधते. धनंजय माने याची मालकीण स्त्री आहे. दुकान तिचे, पगार ती देते आणि धनंजय तिच्या प्रेमात पडतो. मराठी विनोदी चित्रपटात कामाच्या ठिकाणी स्त्री वरच्या जागी असण्याचे हे एक ठळक उदाहरण. आणि त्याच कथेत घराच्या ठिकाणी पुरुष बायकोच्या जागी आहेत. म्हणजे काम आणि घर या दोन्ही ठिकाणी जागांची अदलाबदल झालेली आहे. चित्रपट या अदलाबदलीचा पुरेपूर विनोद करतो, पण तिच्या परिणामांत शिरत नाही. साडी नेसणे, लाजणे, पदर सावरणे यांचे हसू होते. पहाटे उठून चार माणसांचे करणे याचे होत नाही. पुढे हिंदीतल्या ‘चाची ४२०’ (१९९७) मध्ये वेषांतर केलेला बाप आपल्याच मुलीसाठी मोलकरीण होऊन घरात शिरतो, तेव्हा साडीबरोबर काम अंगावर येते. ‘बनवाबनवी’ने साडी घेतली, काम घेतले नाही. ‘बाळाचे बाप ब्रह्मचारी’ (१९८९) मध्ये दोन अविवाहित मित्रांच्या पदरी मूल पडते. पुरुषाच्या हातात बाळ हीच तेथे हास्यास्पद परिस्थिती मानलेली आहे. बाईच्या हातात बाळ असते तेव्हा कॅमेरा दुसरीकडे पाहत असतो.

हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत

परेश मोकाशी यांच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ने या साऱ्या इतिहासाला एकदम मुळाशी नेले. २००९ मध्ये भारताची ऑस्करसाठीची अधिकृत प्रवेशिका म्हणून तो निवडला गेला. नंदू माधव दादासाहेब फाळके आणि विभावरी देशपांडे सरस्वतीबाई. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) कसा तयार झाला याची ही कथा चरित्रपटाच्या गांभीर्याने न सांगता खेळकरपणे सांगितली आहे, आणि त्या खेळकरपणाचे केंद्र एक घर आहे.

चित्रपटाचे नाव एका प्रसिद्ध आठवणीवर आधारलेले आहे. सिनेमात काम करणे हे अब्रूदार काम मानले जात नव्हते. म्हणून कोणी विचारले तर आपण हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहोत असे सांगावे, असे फाळके आपल्या लोकांना सुचवीत. ही युक्ती विनोदी आहे आणि सामाजिकदृष्ट्या अचूकही आहे. कलेला काम म्हणायला घरचे तयार नसतील तर तिला कारखान्याचे नाव द्यावे. नाम्याच्या आईची समजूत अशाने कदाचित पटली असती!

फाळक्यांच्या घरात काम आणि संसार यांच्यामधली भिंतच नाहीशी झालेली दिसते. घरातले सामान विकले जाते, विम्याची पॉलिसी तारण जाते, मुलगा भालचंद्र रोहिदास होतो, सरस्वतीबाई अंधारात बसून कोऱ्या फिल्मला छिद्रे पाडतात आणि चित्रीकरणाच्या मंडळींचे जेवणही पाहतात. तारामतीसाठी स्त्री मिळत नाही, म्हणून साळुंके या पुरुषाला ती भूमिका करावी लागते. फाळक्यांच्या घरात साड्या नेसून वावरणारे हे पुरुष म्हणजे सुधा आणि पार्वती यांचे पूर्वजच.

येथे एका गोष्टीची नोंद करणे आवश्यक वाटते. १९१३ मध्ये पुरुषाने केलेली तारामती १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’त दुर्गा खोटे यांनी केली. दुर्गाबाई सुखवस्तू घराण्यातल्या, दोन मुलांची आई. सासरची आर्थिक स्थिती ढासळल्यावर मिळवण्याची वेळ आली तेव्हा त्या चित्रपटात आल्या. म्हणजे मराठी बोलपटाची पहिली नायिका ही संसारासाठी नोकरीला लागलेली स्त्री होती. पडद्यावरच्या विनोदाने त्यानंतर कित्येक वर्षे मिळवत्या बाईची टिंगल केली, आणि ती टिंगल साकारायला मिळवत्या बायकाच लागत होत्या.

सरस्वतीबाईंचे चित्रण करताना मोकाशींनी एक धोका पत्करला आहे. पत्नीचा त्याग हा थोर पुरुषांच्या चरित्रात नेहमी हुंदक्यांनी सांगितला जातो. येथे तो हसत सांगितलेला आहे. त्यामुळे सरस्वतीबाई पीडित वाटत नाहीत, भागीदार वाटतात. परंतु भागीदाराचे नाव फॅक्टरीच्या पाटीवर येत नाही, हेही त्या हसण्याआडून दिसते. जिजाईने जाब विचारला होता; सरस्वतीबाई हात लावतात. दोघींच्या नवऱ्यांना इतिहासात स्थान मिळाले.

घुमाचा दिवस

केदार शिंदे यांच्या ‘अगं बाई अरेच्चा!’ (२००४) मध्ये संजय नार्वेकरच्या श्रीरंगला बायकांच्या मनातले ऐकू येऊ लागते. ‘व्हॉट विमेन वॉन्ट’ (२०००) या अमेरिकी चित्रपटाच्या कल्पनेशी तिचे नाते उघड आहे. पण अमेरिकी नायक जे ऐकतो त्याचा उपयोग जाहिरातीच्या धंद्यात करतो, तर आपला नायक घरातल्या बायकांनी गांजलेला चाळकरी आहे. मराठी विनोदाला येथे प्रथमच असे वाटले की स्वयंपाकघरात काही बोलले जात असावे. ते ऐकण्याची सोय मात्र पुरुषाच्या कानात केली गेली.

त्याच दिग्दर्शकाच्या ‘बाईपण भारी देवा’ (२०२३) मध्ये तो कान काढून घेतलेला आहे. सहा बहिणी मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येतात, आणि त्यासाठी लागणारा वेळ प्रत्येकीला आपापल्या संसारातून काढावा लागतो. चित्रपटगृहांत बायकांचे घोळकेच्या घोळके लोटले. खेळ हा विषय असला तरी खरी मागणी वेळेची होती, असे आम्हांला वाटते.

आणि मग १ मे २०२४ रोजी ‘नाच गं घुमा’ आला. परेश मोकाशी आणि मधुगंधा कुलकर्णी यांचे लेखन, मोकाशींचे दिग्दर्शन. महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन एकाच तारखेला असतात, हे या चित्रपटाच्या बाबतीत विशेष शोभून दिसते. मुक्ता बर्वे यांची राणी नोकरी करते. नम्रता संभेराव यांची आशा तिच्या घरी काम करते. आशा उशिरा येते, राणीचे घड्याळ कोलमडते, राणी चिडून तिला काढून टाकते आणि मग तिच्या लक्षात येते की आपली नोकरी आशाच्या नोकरीवर उभी आहे. साऱ्या कथेचा ताण एका दाराच्या घंटेवर तोललेला आहे : ती वाजणार की नाही?

शीर्षकात मंगळागौर-भोंडल्याच्या खेळातली घुमा आहे. नाचायला बोलावले तर काय काय नाही याची यादी सांगणारी ही लोकगीतातली बाई शतकानुशतके आपल्याकडे आहे. चित्रपटाने तिला लोकलच्या वेळापत्रकात आणून उभे केले. चिमणरावाच्या घरचा पसारा आवरणारा जो अदृश्य हात होता, त्याला अखेर चेहरा, नाव, पगार आणि रजा मागण्याचा हक्क मिळाला.

तरी प्रश्न संपत नाही. राणीचे घर आशा चालवते. आशाचे कोण चालवते? तिलाही घर आहे, आणि तेथे कामवाली येत नाही. मध्यमवर्गीय स्त्रीचा झगडा सुटतो तो दुसऱ्या स्त्रीकडे सरकवल्याने. चित्रपटाला हे कळते आणि तो ते दाखवतोही. पण विनोदी चित्रपट शेवटी गोड व्हावा लागतो, आणि गोड शेवट राणीच्या दारापर्यंतच नेता येतो.

तळोद्याहून पाहताना

आम्ही हे सारे सातपुड्याच्या पायथ्याशी, तळोद्यात बसून लिहीत आहोत. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यातला हा तालुका. आमच्या वर्गात भिली, पावरी, अहिराणी आणि गुजराती घरी बोलणारी मुले-मुली मराठी साहित्य शिकायला बसतात. त्यांच्यासमोर विनोदी वाङ्मय शिकवताना कचेरी, साहेब, बिऱ्हाड हे शब्द आधी समजावून सांगावे लागतात; विनोद त्यानंतर. चिमणरावावर बोलत असताना एका विद्यार्थिनीने विचारले होते, की तो कचेरीत गेल्यावर काऊ काय करते हे पुस्तकात कोठे आहे? या लेखाचा उगम, खरे सांगायचे तर, त्या प्रश्नात आहे.

या परिसरातील पुष्कळ कुटुंबे दिवाळीनंतर दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जातात. तेथे नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. मुकादमाची उचल या जोडीला मिळते. लहान मुले बरोबर जातात, फडाच्या कडेला राहतात. येथे काम एका ठिकाणी आणि घर दुसऱ्या ठिकाणी अशी विभागणी नाही. संसारच पाठीवर घेऊन कामाला जायचे असते. ज्या दुभंगातून बगाराम, चिमणराव आणि राणी यांचा विनोद निर्माण होतो तो दुभंगच येथे नाही. पण म्हणून झगडाही नाही असे मात्र नव्हे. ऊस दोघे मिळून तोडतात. भल्या पहाटे भाकरी एकटी थापते आणि अंधार पडल्यावर पुन्हा चूल तीच पेटवते. उचल जोडीची असली तरी घरकाम जोडीचे नसते. काऊ, सरस्वतीबाई, आशा आणि फडावरची बाई यांच्यामध्ये वर्गाचे, जातीचे, भाषेचे अंतर प्रचंड आहे. न मोजलेल्या तासांच्या बाबतीत मात्र त्या एकमेकींच्या शेजारी बसतात.

आमच्या विद्यार्थ्यांना हसणे ठाऊक नाही असा याचा अर्थ कोणी काढू नये. ‘सोंगाड्या’ हे त्यांच्यासाठी आधी चित्रपटाचे नाव नसते. सोंगाड्या पार्ट्या या भागातल्या जत्रा-उत्सवांत रात्र रात्र खेळ करतात, त्यांत पुरुषच बायकांची सोंगे घेतात आणि घरादाराची यथेच्छ थट्टा होते. खानदेशच्या दुसऱ्या टोकाला मालेगावात यंत्रमागावर राबणाऱ्या तरुणांनी ‘मालेगाव के शोले’सारखी विडंबने स्वतःच्या हिमतीवर केली. फैजा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटात त्यांची कथा आहे, आणि २०२५ मध्ये प्रदर्शित झालेल्या रीमा कागती यांच्या ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ने ती कथापटात आणली. त्या विडंबनांत मालेगावच्या मुली दिसत नाहीत. नायिका बाहेरून आणाव्या लागतात, कारण घरचे परवानगी देत नाहीत. साळुंक्यांच्या तारामतीला शंभरावर वर्षे झाली तरी तो प्रश्न खानदेशात अजून ताजा आहे.

तेव्हा मराठी विनोदी चित्रपटाचा अभ्यास करताना नायक कोण, लेखक कोण, मूळ कथा कोणाची हे विचारावेच. त्याबरोबर पसारा कोणी आवरला हेही विचारावे. या एका प्रश्नाने ‘संत तुकाराम’पासून ‘नाच गं घुमा’पर्यंतचे चित्रपट निराळ्या क्रमाने लागतात आणि काही विसरलेल्या व्यक्तिरेखा पुढे येतात. कोयत्याच्या जोडीवर, तिच्या पहाटेवर आणि तिच्या थट्टेवर मराठीत अजून विनोदी चित्रपट व्हायचा आहे. तो करुणपट म्हणून सुचणे सोपे आहे. विनोदी म्हणून सुचण्यासाठी तो आतून लिहावा लागेल, आणि तो लिहू शकणारी मुले-मुली आज आमच्यासमोर बाकांवर बसलेली आहेत. ती दिवाळीनंतरही वर्गात राहावीत, एवढे मात्र आधी झाले पाहिजे.